यंदा जरा कोरड्या राहा

"बाई, यंदा जरा कोरड्या राहा."

भाऊसाहेब गुल्हाने हे माझ्याकडे न बघता म्हणाले. निमंत्रणपत्रिकेचा मसुदा समोर धरून स्वतःच्या नावाचा टाइप आणखी किती मोठा करता येईल, ते बघण्यात ते गुंतले होते. मला वाटलं, निवेदन कोरडं ठेवा असं म्हणत असतील. मी म्हटलं, यंदा कविता कमी घेते. तेव्हा त्यांनी मान वर केली आणि बोटाने स्वतःच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत एक रेघ ओढून दाखवली.

"हे म्हणतोय मी. घाम."

त्यांच्या केबिनमध्ये एसी होता. संस्थेच्या चार इमारतींत तेवढा एकच. त्याच्या थेट खाली बसूनसुद्धा माझ्या कानशिलावरून एक ओघळ मानेकडे निघाला होता आणि मी तो रुमालाने अडवत होते.

त्याला आता अकरा वर्षं झाली. आमचं तालुक्याचं गाव अकोल्याहून बसने तासाभरावर. भाऊसाहेब ज्याचे अध्यक्ष होते त्या शिक्षण मंडळाच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी मराठी शिकवत होते. नाव कुमुदिनी खुमकर, तेव्हा वय एक्केचाळीस, वजन शहाण्णव किलो. आवाज मला देवाने मनापासून दिला आणि बाकीचं देताना त्याचा हात जरा सैल सुटला. मंडळाचा कुठलाही कार्यक्रम असो, माईकसमोर मीच. आणि माईकसमोर मी म्हणजे घामाच्या धारा. केसांच्या मुळांतून सुरू व्हायचं, भुवयांवर साचायचं, तिथून डोळ्यांत. पर्समध्ये पैसे नसले तरी चालायचं, तीन नॅपकिन लागायचेच.

आदल्या वर्षी एक मेच्या कार्यक्रमाचं चित्रीकरण गावातल्या केबलवाल्याने दाखवलं होतं. ते बघून भाऊसाहेबांच्या अमरावतीच्या मेहुण्यांनी फोन केला, की गेलं कोण? निवेदन करणाऱ्या बाई एवढ्या का रडताहेत? भाऊसाहेबांनी ती गोष्ट वर्षभर जपून ठेवली होती.

यंदा मंत्रीमहोदय येणार होते. शिवाय जूनमध्ये उपप्राचार्यांची खुर्ची रिकामी होत होती, सेवाज्येष्ठतेने ती माझ्याकडे येत होती, आणि सेवाज्येष्ठता ही आमच्या मंडळात भाऊसाहेबांच्या मर्जीला दिलेलं कायदेशीर नाव होतं. उपप्राचार्य म्हणजे संस्थेचा चेहरा, असं ते त्या दिवशी म्हणाले, आणि चेहरा सारखा पुसत बसावा लागू नये.

मसुदा त्यांनी माझ्यापुढे सरकवला. 'घाम गाळणाऱ्या हातांचा सन्मान', असं वर सोनेरी अक्षरांत होतं. कामगार दिनानिमित्त पाच कष्टकऱ्यांना श्रमगौरव पुरस्कार. घामाच्या सन्मानाचा कार्यक्रम मी घाम न गाळता पार पाडायचा होता. यातला विनोद भाऊसाहेबांच्या लक्षात आला नाही, आणि उपप्राचार्यपदाच्या मोहापायी मीही तो लक्षात घेतला नाही.

घामावर औषध शोधण्याची ही माझी पहिली वेळ नव्हती. गावातल्या तीन डॉक्टरांकडे मी जाऊन आले होते. पहिले मला आत येताना बघूनच 'वजन' म्हणाले. मी अजून बसले नव्हते. दुसऱ्यांनी ऐकून घेतलं आणि मग 'वजन' म्हणाले. तिसऱ्यांनी काकडी, दुधी आणि ताक लिहिलेला एक छापील कागद दिला. त्यांचं स्वतःचं पोट टेबलाला टेकत होतं, पण ते डॉक्टर असल्यामुळे त्यांच्या बाबतीत ते व्यक्तिमत्त्व होतं. शेजारच्या काकूंचं निदान याहून आशादायक होतं. घाम येतोय ना, मग येऊ दे, चरबी वितळतेय. त्यांच्या हिशेबाने मी एव्हाना अगरबत्तीच्या काडीएवढी व्हायला हवी होते.

या वेळी मी अकोल्याला त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे गेले. डॉ. फरहान काझी. पस्तिशीचा, बारीक आवाजाचा माणूस. त्याने मला आधी बसायला सांगितलं. घाम कुठून सुरू होतो, कधीपासून, झोपेत येतो का, आईला यायचा का, हातापायांना येतो की फक्त तोंडाला आणि अंगाला, दुसरी कुठली औषधं चालू आहेत, असं एकेक विचारून लिहून घेतलं. थायरॉइड आणि साखर तपासायला लावली. बीपी घेतलं. वजन सगळ्यात शेवटी केलं आणि आकडा मोठ्याने वाचला नाही. एवढ्यानेच मला भरून आलं.

चार दिवसांनी रिपोर्ट घेऊन गेले, तर सगळं ठीक होतं. डॉक्टर म्हणाले की वजनाचा यात वाटा आहे, मोठ्या शरीराला गार राहायला जास्त कष्ट पडतात, पण म्हणून तेवढं एकच कारण धरून तुम्हाला परत पाठवणं मला पटत नाही. वजन सावकाश कमी करू, तोवर एक गोळी देतो. घामाच्या ग्रंथींना जो निरोप जातो तो ही गोळी अडवते. सकाळी एक, रोज एकच. तोंड कोरडं पडेल, शौचाला त्रास होईल, जवळचं वाचताना अंधुक दिसू शकेल. लघवी अडली तर लगेच फोन करायचा. एवढं सांगून त्यांनी पेन खाली ठेवलं.

"आता मुख्य गोष्ट. घाम येतो तो अंग थंड ठेवायला. ते काम मी थोडं बंद पाडतोय. पुढे मे महिना आहे. उन्हात फार वेळ थांबण्याचं काही काम आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "वर्गात असते. पंखे आहेत."

शिक्षिका खोटं बोलली की सहसा पकडली जात नाही. तो पेशाचा एक फायदा आहे.

पुढचे वीस दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात कोरडे आणि, आता सांगायला हरकत नाही, सगळ्यात सुखाचे होते. तिसऱ्या दिवशी मी वर्गात धडा सुरू केला तो संपेपर्यंत नॅपकिनला हात लागला नाही. पाचव्या दिवशी कपाटातली गडद निळी साडी काढली, जी चार वर्षं फक्त हिवाळ्यात बाहेर यायची. उत्तरपत्रिका तपासताना मनगटाखाली कागद चिकटेना. शिक्षक-खोलीत माझ्याबद्दल चर्चा सुरू झाली की बाईंनी वजन बरंच उतरवलं. दोघींनी आहार विचारला. वजन एक ग्रॅमही उतरलं नव्हतं, पण पुसायचं थांबलं की माणूस बारीक दिसतं, हे मला तेव्हा कळलं. मी त्यांना गंभीरपणे दुधी सांगितला.

फक्त एका बाईला हे पसंत नव्हतं. गयाबाई सरकटे. महाविद्यालयाची झाडलोट त्या बावीस वर्षं करत होत्या आणि बावीस वर्षं त्या तात्पुरत्या होत्या. यंदाच्या पाच श्रमगौरवांत त्यांचं नाव होतं. कायम करण्यापेक्षा शाल देणं मंडळाला सोपं पडत असावं. माझ्या टेबलावर पाण्याची बाटली तासाभरात रिकामी होते हे त्यांनी हेरलं होतं. एकदा त्या झाडू भिंतीला टेकवून माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"बाई, तुमचे ओठ चिरले. एप्रिलात घाम नाही, हे चांगलं नोहे."

मी हसून त्यांना औषधाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, दागदर मोठा असंल, पण ऊन त्याच्याहून मोठं हाय. मी म्हटलं, गयाबाई, तुम्ही तुमच्या सत्काराचं लुगडं बघा. अशिक्षित माणसाने शिकलेल्याला आरोग्य शिकवू नये, असं मला त्या वेळी वाटलं. मी ते बोलले नाही, एवढंच.

एक मेला कार्यक्रमाची वेळ सकाळी नऊची होती. मी साडेसातला एक गोळी घेतली. मग आरशात बघताना वाटलं, आज मंत्री आहेत, कॅमेरे आहेत, एकीने भागलं नाही तर? म्हणून दुसरी घेतली. नऊ वाजता निरोप आला की मंत्रीमहोदय मूर्तिजापूरला नाश्त्याला थांबलेत. दहा वाजता कळलं की ते थांबलेत तिथेच थांबलेत. साडेदहाला मंडपात वरच्या ओठावर एक थेंब जाणवल्यासारखा वाटला आणि मी मागे जाऊन तिसरी घेतली. तो थेंब बहुधा मी प्यायलेल्या पाण्याचा होता.

पाहुणे पावणेबाराला आले. अकोल्याकडचं मे महिन्यातलं पावणेबाराचं ऊन ज्याने खाल्लं नाही त्याला समजावता येत नाही. मंचाच्या मधोमध पाहुण्यांच्या खुर्च्या, त्यांच्या दोन्ही बाजूंना दोन मोठे कूलर. डावीकडे, मंडपाचं कापड जिथे संपत होतं तिथे, माईक. म्हणजे माझ्या डोक्यावर अर्धी सावली आणि अर्धं आकाश. पाच पुरस्कारार्थी मंचाच्या पायऱ्यांशी उन्हात रांगेत उभे होते, सकाळी नवापासून. त्यांना बसवलं तर फोटोत येणार नाहीत, असं भाऊसाहेबांचं म्हणणं होतं.

मी सुरुवात केली. कपाळ कोरडं, गाल कोरडे, काखा कोरड्या. भाऊसाहेबांनी खुर्चीतून माझ्याकडे बघून समाधानाने मान हलवली. तोंडही कोरडं होतं, इतकं की जीभ टाळूला चिकटून बसायची आणि प्रत्येक शब्दाआधी ती सोडवून घ्यावी लागायची. हातातल्या कागदावरची अक्षरं विरघळल्यासारखी झाली होती. मी कागद लांब धरला, जवळ धरला, शेवटी अंदाजाने वाचू लागले.

"आता आपल्याला मार्गदर्शन करतील," मी म्हटलं, "कामगारांचे वैरी, आदरणीय भाऊसाहेब गुल्हाने."

कागदावर 'कैवारी' होतं. 'कै'मधला 'क' टाळूला चिकटून राहिला आणि त्याच्या मात्रा 'वा'वर जाऊन बसल्या. पण कोणाला काही वावगं वाटलं नाही. टाळ्या पडल्या, भाऊसाहेब हात जोडून उठले आणि माईककडे आले. ऐकत कोणी नव्हतं, की सगळ्यांनी नीट ऐकलं होतं, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

भाऊसाहेब घामावर पस्तीस मिनिटं बोलले. घामाच्या थेंबातून राष्ट्र उभं राहतं. घामाला अत्तराचा सुगंध असतो. ज्याला घामाची लाज वाटते त्याला मातीची लाज वाटते. हे वाक्य त्यांनी माझ्यापासून दोन हातांवर उभं राहून म्हटलं. मला वाटतं त्याच सुमारास माझं डोकं ठणकायला लागलं. आधी कानात, मग डोळ्यांमागे. अंगावर कोणी गरम इस्त्री फिरवावी तसं व्हायला लागलं आणि तरी त्वचा कागदासारखी कोरडी. मग मंत्रीमहोदय बोलले. ते काय बोलले ते मला आठवत नाही, पण ते इतरांनाही आठवत नाही, त्यामुळे ती माझ्या प्रकृतीची खूण धरता येणार नाही.

पुढचं मला तुकड्यांत आठवतं. पुरस्कार सुरू झाले. मी पहिलं नाव घेतलं. दुसरं घेतलं. तिसरं नाव घ्यायच्या ऐवजी मी हजेरी घ्यायला लागले, बारावी कला, तुकडी अ. श्रोत्यांतून हशा आला. भाऊसाहेबांचा चेहरा मला दिसला, त्याला तीन डोळे होते. मग गयाबाई मंचावर आल्या. बेचाळीस अंशांत त्यांच्या खांद्यावर लोकरीची शाल टाकली गेली, हातात नारळ दिला गेला. खाली उतरताना त्या माझ्या शेजारून गेल्या आणि त्यांनी माझा हात धरला. अभिनंदन म्हणून असेल, असं लोकांना वाटलं.

"बाई," त्या म्हणाल्या, "आंग तवा झालं तुमचं. घाम कुठी हाय?"

मी त्यांना म्हणे 'उपस्थित' असं उत्तर दिलं.

पुढे जे झालं ते मला नंतर चौघांनी चार तऱ्हेने सांगितलं, पण मुद्द्यात फरक नव्हता. मी गुडघ्यात वाकले. गयाबाईंनी नारळ टाकला. उजव्या कूलरच्या मागे टाकी भरायला आणलेली पाण्याची बादली होती, ती त्यांनी उचलली आणि माझ्या डोक्यावरून रिकामी केली. मंडळी उठून उभी राहिली. दुसरी बादली आणायला त्या वळल्या तर वाटेत भाऊसाहेब आडवे आले, ती त्यांच्या आणि मंत्रीमहोदयांच्या मधून माझ्यापर्यंत पोचली, म्हणजे अर्धीच पोचली. मग त्या बाईने शाल टाकीतल्या पाण्यात बुडवून मला त्यात गुंडाळलं आणि सबंध कूलर ओढून मंत्र्यांकडून माझ्याकडे फिरवला. एका पोलिसाने त्यांचा दंड धरला. त्या त्याला म्हणाल्या, "मले मंग धर. हिचा घाम आटला. माहा नवरा इटाच्या भट्टीवर असाच गेला, आन् सारे म्हणत होते चक्कर आली, चक्कर आली."

त्या पोलिसाने दंड सोडला आणि म्हणे स्वतःच तिसरी बादली भरून आणली.

शुद्धीवर आले तेव्हा मी अकोल्याच्या एका दवाखान्यात होते आणि दुसरा दिवस होता. उशाशी डॉ. काझी बसले होते, माझ्या पर्समधल्या चिठ्ठीवरून त्यांना बोलावलं होतं. आणलं तेव्हा ताप एकशे पाचच्या वर होता, असं त्यांनी सांगितलं. मग विचारलं, किती घेतल्या? मी तीन बोटं दाखवली.

"उन्हातला कार्यक्रम आहे हे मला का सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही गोळी दिली नसती."

"नसतीच दिली."

"म्हणून."

त्यांनी मान खाली घातली. रागावले असते तर बरं वाटलं असतं. मग त्यांनी विचारलं की पाणी कोणी ओतलं. मी नाव सांगितलं. ते म्हणाले, उपचार त्या बाईंनी केले, आम्ही पुढचा सोपस्कार केला. केसपेपरवर त्यांनी तसं लिहिलंही: जागेवर ताबडतोब पाणी ओतून अंग थंड केल्यामुळे जीव वाचला.

तिसऱ्या दिवशी भाऊसाहेब आले. सोबत फळांची परडी होती आणि परडीत सफरचंदांच्या खाली एक टाइप केलेला कागद. त्यांनी प्रकृती विचारली, मंत्रीमहोदयांनीही विचारल्याचं सांगितलं, आणि कागद काढला. तो माझ्या वतीने लिहिलेला होता. मला वजनामुळे जुनी व्याधी आहे, त्यामुळे मला साधी चक्कर आली, आणि सरकटे नावाच्या कर्मचारी महिलेने नाहक आरडाओरड करून मान्यवरांच्या अंगावर पाणी फेकलं, असं त्यात होतं. मंत्र्यांच्या माणसांनी खुलासा मागितला होता. गयाबाईंना एक तारखेपासूनच येऊ नका म्हणून सांगितलं होतं.

"सही करा," भाऊसाहेब म्हणाले. "जूनमध्ये तुम्हाला त्या खुर्चीवर बघायचंय मला."

खोलीत एसी होता. गोळीचा अंमल अंगातून उतरला होता आणि माझं कपाळ, गाल, मान, सगळं पूर्वीसारखं पाझरायला लागलं होतं. भाऊसाहेबांनी ते पाहिलं. त्यांना बरं वाटलं असावं.

"घाबरू नका, बाई," ते म्हणाले.

एक्केचाळीस वर्षं माझा घाम बघून लोक हेच म्हणत आले होते. तोंडी परीक्षेत, मुलाखतीत, मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर. आणि दरवेळी ते म्हणाले की मी खरंच घाबरायची. त्या दिवशी मी वाट बघितली. भीती येईना.

मी त्यांचं पेन घेतलं. कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूला लिहायला बसले. घाम येऊ देऊ नका असं मला अध्यक्षांनी सांगितलं होतं. मी डॉक्टरांशी खोटं बोलले आणि एकीच्या जागी तीन गोळ्या घेतल्या, हा मूर्खपणा माझा. कार्यक्रम नऊचा होता आणि बाराला सुरू झाला, हा माझा नाही. गयाबाई सरकटे यांनी माझा जीव वाचवला. खाली सही, तारीख. मराठीची शिक्षिका असल्याने शुद्धलेखन तपासलं आणि त्यांच्या हातात दिलं.

भाऊसाहेबांनी दोनदा वाचलं.

"यात तुमचंच हसं होईल, बाई. गोळ्या खाल्ल्या म्हणून."

"होऊ द्या. तुम्ही नेत नसाल तर डॉक्टरांच्या कागदाबरोबर मीच पाठवते."

ते उठले. परडी ठेवून गेले, एवढं त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

जूनमध्ये उपप्राचार्यांच्या खुर्चीवर माझ्याहून सहा वर्षांनी कनिष्ठ असलेले एक गृहस्थ बसले. ते अतिशय कोरडे होते. पण माझ्या कागदाने एक काम केलं. तो वर्तमानपत्रात गेला तर काय, या विचाराने भाऊसाहेब आठवडाभर बेचैन राहिले असावेत, कारण आठवड्यानंतर त्यांना अचानक गयाबाईंचं शौर्य दिसलं. मंडळाच्या संस्कारांमुळेच एका सामान्य महिलेने प्रसंगावधान दाखवलं, असं पत्रक निघालं. गयाबाईंना मानाने परत बोलावलं. त्यांचा पुन्हा सत्कार झाला, पुन्हा शाल झाली, आणि फोटोसाठी त्यांना एक नवी बादली धरायला लावली, तिच्या कडीला दुसऱ्या बाजूने भाऊसाहेबांनीही हात लावला होता. तो फोटो संस्थेच्या अहवालात आहे. बघणाऱ्याला वाटेल, ओतलं दोघांनी मिळून.

त्या सत्कारात गयाबाईंना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्यांनी माईक धरला आणि म्हणाल्या, "पुढच्या सालापासून कारेक्रम सकाळी सातले घ्या. मानसं मरतात." आणि खाली उतरल्या. एवढ्या लोकांसमोर भाऊसाहेबांना मान डोलवावी लागली.

गोळी मी सोडली नाही. डॉक्टर काझींनी तीन महिने मला ती दिली नाही आणि पावसाळ्यात पुन्हा सुरू केली, अर्धी, उन्हाळ्यात पूर्ण बंद, आणि प्रत्येक वेळी उन्हाबद्दल विचारतात. मी खरं सांगते. वजन दोन वर्षांत सात किलो उतरलं, त्याबद्दल मात्र शिक्षक-खोलीत कोणी अवाक्षर काढलं नाही, कारण घाम परत आला होता.

पुढच्या एक मेला पत्रिकेवर वेळ खरंच सकाळी सातची छापली होती. निवेदन माझ्याकडेच आलं, कारण नव्या उपप्राचार्यांचा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंतही जात नव्हता. पावणेसातला मंडप भरला. पाच पुरस्कारार्थी आले: एक गवंडी, एक हमाल, शेतात निंदणी करणाऱ्या दोन बाया आणि बसस्थानकावरचे चांभारकाका. पाहुणे नव्हते. भाऊसाहेब पाहुण्यांना आणायला गेले होते. सात वाजले. हमालाने मला विचारलं की बाई, नऊला माझी गाडी लागते, होईल का तोवर?

मी माईक सुरू केला. नॅपकिन हातात उघडाच ठेवला होता. अध्यक्षांची सूचना, अनुमोदन, दीपप्रज्वलन, सगळं गाळलं. गयाबाईंना मंचावर बोलावलं आणि त्यांच्या हातून पाच जणांचा सत्कार केला. शाली मी मंडपातच ठेवल्या, प्रत्येकाला नारळ आणि मानपत्र दिलं. प्रत्येकाने आपल्या कामाबद्दल दोन-दोन मिनिटं सांगितलं आणि लोकांनी ते ऐकलं, मला ऐकताना दिसले. पावणेआठला चहा झाला. सव्वाआठला सगळे आपापल्या कामाला गेले, हमाल धरून.

साडेअकराला तीन गाड्या आल्या. मी तिथे नव्हते, हे मला मंडपवाल्या शेख रऊफने सांगितलं. तो खांब उपटून दोऱ्या गुंडाळत होता. पहिल्या गाडीतून भाऊसाहेब उतरले, दुसरीतून पाहुणे, तिसरीतून कॅमेरावाला. रिकाम्या मैदानाकडे ते चार-पाच जण बघत राहिले. रऊफने कपाळावरचा घाम मनगटाने पुसला आणि विचारलं, "बोला साहेब, कोणाकडे आले?"